वाकल्याचा आवाज

सुनंदाकाकू,

आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याइतका मी तुमचा कुणी नाही. तुमच्या घरची माणसं आहेत, नागोयाच्या मराठी मंडळात तुम्हाला वीस वर्षं ओळखणारी माणसं आहेत. मी शिकायला आलेला, जेमतेम तीन वर्षांच्या ओळखीचा मुलगा. मंडळाच्या अंकात तुमच्यावर काही यावं असं ठरलं, तेव्हा काकांनी माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, "काका, मला नाही जमणार." ते म्हणाले, "ती त्या टीव्ही स्टेशनात दिवसभर काय करायची, ते मला कधी नीट कळलं नाही रे. मी विचारलंच नाही. तुला माहीत आहे, तू लिही." एवढं बोलून ते गॅलरीत वाळत घातलेल्या तुमच्या ओढणीकडे बघत बसले. ती अजून कुणी काढलेली नाही.

म्हणून लिहितो आहे. माझं मराठी तुम्ही लाल पेननं दुरुस्त करायचात. या वेळी चुका तशाच राहतील.

तुम्ही कधी जन्मलात, कुठे शिकलात, जपानला कधी आलात, हे स्टेशननं दाराशी लावलेल्या सूचनेत आहे. ती वाचताना मला तुम्ही कुठेच दिसला नाहीत. मला तुम्ही दिसता ते तळघरात. शहरातल्या सगळ्यात लहान टीव्ही स्टेशनच्या तळघरात, जुन्या टेपांच्या खोलीत. मी पहिल्यांदा आलो तो इस्त्रीचा शर्ट घालून. जपानीतलं एक लांबलचक आदराचं वाक्य सबवेत घोकत आलो होतो. कपाटाआडून कुणीतरी बाहेर आलं, तसं मी मान खाली घालून ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

"छान. आता मराठीत सांग," समोरून आवाज आला. "आणि आधी घाम पूस."

वर बघितलं तर तुम्ही. हातात पांढरे हातमोजे, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर बारीक टिकली.

"तुम्ही मराठी आहात?"

"नाही. टिकली मला इथल्या हवामान विभागानं लावायला सांगितली आहे. कुठला तू?"

"इचलकरंजीचा. टीव्ही स्टेशनांच्या इतिहासावर प्रबंध करतोय. परवानगी घेऊन आलोय की."

"आलोय की! गेलोय की! किती रे ते की," तुम्ही म्हणालात, आणि खुर्चीवरच्या टेपा उचलून मला जागा करून दिलीत. त्या दिवसापासून माझं नाव महेश राहिलं नाही. "या, इतिहासकार," असंच तुम्ही म्हणायचात. आधी मला वाटायचं, तुम्ही माझी टर उडवता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील यंत्रमागावर, आई घरी कांड्या भरते. कुणी मला इतिहासकार म्हटलं की मागे वळून बघावंसं वाटायचं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. सहा महिन्यांनी कळलं की तुम्ही ते खरंच म्हणत होतात.

काका पोस्टिंगवर आले, त्यांच्याबरोबर तुम्ही आलात, लेक सायली शाळेत जायला लागल्यावर टेपांवर चिठ्ठ्या चिकटवायचं अर्ध्या वेळेचं काम धरलंत, आणि चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता सगळ्या टेपा ऐकून काढल्यात. त्या स्टेशनचा इतिहास तिथल्या साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक होता, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणायचात, "साहेबांना उद्याचं बघायचं असतं रे. कालचं माझ्याकडे टाकलंय."

प्रबंधाची पहिली पंचवीस पानं मी लिहून टाकली होती, पण विषय मला समजला तुमच्याकडून. तुम्ही डबा उघडलात आणि पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितलंत, "लोकल स्टेशनचं घरचं असं काय असतं? सकाळच्या बातम्या, संध्याकाळच्या बातम्या, पाऊस येणार की नाही, आणि कुणाच्या बागेत केवढा मुळा आला. बाकी सगळं टोकियोहून येतं. ज्या नेटवर्ककडून येतं, त्याचं हे केइरेत्सु. केइरेत्सु म्हणजे काय? आडनाव. आणि आमच्या स्टेशनला कितीतरी वर्षं दोन आडनावं होती."

शहरात स्टेशनं कमी होती तोवर टोकियोच्या दोन नेटवर्कचे कार्यक्रम हे एकच स्टेशन दाखवायचं. दुपारी एकाचे, संध्याकाळी दुसऱ्याचे. दोघांनाही चांगली वेळ हवी, म्हणून रोज ओढाताण. मग शहरात आणखी एक स्टेशन निघालं, आणि टोकियोत बसून वाटणी झाली. हे तुमचं, ते आमचं. आपल्या स्टेशननं एक आडनाव ठेवलं आणि दुसरं नव्या स्टेशनला देऊन टाकलं. माझ्या प्रबंधात याला मी 'सुसूत्रीकरण' म्हटलं होतं.

"सुसूत्रीकरण!" तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की वरच्या मजल्यावरचे मोरिता-सान जिन्यातून डोकावले. "सूतवाल्यांच्या गावातून आलेल्या मुलाला शोभतो शब्द. अरे, या धंद्यातली माणसं स्वतः त्याला काय म्हणायची माहीत आहे? चोनेन्तेन."

मी शब्दकोश उघडला. आतड्याला पीळ पडण्याचा आजार.

मग तुम्ही ओसाकाची गोष्ट सांगितलीत. तिथे दोन स्टेशनं चुकीच्या घरात अडकली होती. मालकी एका वर्तमानपत्राकडे, नेटवर्क दुसऱ्याचं, सगळं उलटसुलट. त्या गुंत्याला टीव्हीवाल्यांनी आजाराचं नाव दिलं. शेवटी दोघांनी नेटवर्कची अदलाबदल केली आणि लोक म्हणाले, चोनेन्तेन सुटला. तेव्हापासून असा कुठलाही गुंता असला की हाच शब्द. आपल्या स्टेशनच्या दोन आडनावांनाही.

"मराठीत काय म्हणशील?"

"आतड्याला पीळ."

तुम्ही जेवायच्या थांबलात. "अरे, पण आपल्याकडे हे वेगळ्याच दुखण्याला म्हणतात."

खरं होतं. माझी आई दर रविवारी फोनवर म्हणते, तुझा आवाज ऐकला की आतड्याला पीळ पडतो. तिचं पोट ठणठणीत आहे.

तुमचे उपकार इथे मोजत बसलो तर तुम्ही पान फाडाल. पण एक सांगू द्या. माझ्या वडिलांना मी इथे नक्की काय करतो ते समजत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही फोन माझ्या हातातून घेतलात. "नमस्कार. तुमचा मुलगा ना, जुन्या भांडणांची कारणं शोधतो."

वडील म्हणाले, "भांडणं आमच्या गल्लीत बी हाईत की वो ताई. त्यासाठी जपान कशाला?"

"गल्लीतली लोक विसरत नाहीत. इथली विसरलेत. म्हणून लांबून माणूस मागवला."

वडील हसले. नंतर आईनं सांगितलं, ते मागावर शेजारच्या माणसाला अभिमानानं म्हणाले, पोरगं जपान्यांची भांडणं मिटवतंय. मी ती चूक अजून दुरुस्त केलेली नाही.

आता त्या टेपबद्दल लिहायला हवं. ती तशीच टाकून पुढे जाता येणार नाही.

आपल्या स्टेशननं दुसरं नेटवर्क सोडलं, त्या शेवटच्या संध्याकाळी निवेदकानं पडद्यावर येऊन निरोप घेतला होता. त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरायचे, त्यामुळे चित्र उरलेलं नाही. उरला तो फक्त आवाज, तोही स्टेशनातल्या एका कर्मचाऱ्यानं घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून धरलेला. पंखा फिरतोय. भांडी वाजताहेत. निवेदक म्हणतो, हे कार्यक्रम उद्यापासून या वाहिनीवर दिसणार नाहीत, इतकी वर्षं आपण बघितलेत, मनापासून आभार. आणि मग शांतता. बरीच लांब. त्या शांततेत घरातलं एक लहान मूल विचारतं, "आता दिसणार नाही?" त्याला कुणी उत्तर देत नाही. मग जाहिरातीचं संगीत.

"हे बघ, आता निरोपाला वाकला," त्या शांततेच्या सुरुवातीला तुम्ही बोट वर करायचात. "अजून वाकलेलाच आहे. अजून. हां, आता उठला."

"काकू, आवाज आहे हा. आवाजात वाकलेलं कसं दिसेल? टेप खराब झालीय तिथे."

"टेप खराब असती तर पंखाही गेला असता. पंखा ऐकू येतोय ना?"

"तो पंखा नाही, टेपची खरखर आहे."

"पोराचा आवाजही खरखरच का?"

"पोराच्या आधीचा भाग खराब आहे."

किती वेळा भांडलो आपण यावरून. माझ्या प्रकरणातलं एक वाक्य होतं: 'नेटवर्कबदल सुरळीत पार पडला.' त्यावर तुम्ही प्रत्येक वेळी लाल रेघ मारायचात. मी कारणं द्यायचो. प्रेक्षक कमी झाले नाहीत, जाहिराती वाढल्या, बातम्या सुधारल्या. दोन घरांची ओढाताण संपली. एका स्टेशनला एकच आडनाव असावं, त्यात वाईट काय? तुम्ही म्हणायचात, "वाईट आहे असं मी कुठं म्हणतेय? पीळ सुटताना कुणाला दुखलं तेवढं लिही. एक वाक्य लिही. तो माणूस इतका वेळ खाली वाकून काय बघत होता, ते लिही."

"त्याला पुरावा नाही, काकू."

"पुरावा वाजतोय की!" तुम्ही माझा 'की' माझ्याच तोंडावर मारलात.

एकदा मी चिडून म्हणालो, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आहे तुमचं." थोरांना असं बोलायचं नसतं, हे बोलल्यावर लक्षात आलं. तुम्ही मात्र खूश झालात. "जळेल तेव्हा बघू," म्हणालात. "आणि इतिहासकार, तुझ्या गावाला विचार. पीळ नसलेलं सूत मागावर टिकतं का?"

टिकत नाही. मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य बदललं नाही.

सायलीबद्दल तुम्ही माझ्याशी एकदाच बोललात. मी तिला मंडळाच्या गणपतीत लांबून पाहिलं होतं. ती त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत काम करते, एवढंच ठाऊक होतं. त्या दिवशी स्टेशनच्या कॅन्टीनमध्ये तुम्ही ट्रे घेऊन बसलात आणि काही खाल्लं नाहीत. म्हणालात, "लेकीनं जपानी नागरिकत्व घेतलं. पासपोर्ट बदलला."

मी म्हटलं, "काकू, तिचं सगळं आयुष्य इथेच गेलंय. सोयीचं असेल."

"सोयीचंच आहे. तिसरीपासून ती मला जपानीतच उत्तर देते. पासपोर्टचं मला काही नाही रे. सगळं झाल्यावर सांगितलं, तेही एक वेळ चालेल. पण सांगून झालं आणि ती वाकली. माझ्यासमोर, स्वयंपाकघरात. दोन्ही हात मांडीवर ठेवून, ऑफिसात वाकतात तशी. अरे, नमस्कार करायचा तर पायाशी वाक. रडायचं तर गळ्यात पड. हे मधलं काय? आईसमोर?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"कुकर बंद केला."

त्यानंतर तुमचं आणि तिचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. जेवलीस का, थंडी आहे का, बरी आहेस ना. मी कॅन्टीनमध्ये काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. मी तुमच्या ट्रेमधलं लोणचं तुमच्याकडे सरकवलं. आणि तिथून उठून आपण परत खाली गेलो, ती टेप लावली, तुम्ही बोट वर केलंत, "आता वाकला" म्हणालात, आणि मी म्हटलं, टेप खराब आहे.

ही दोन वाकणी मी एकत्र ठेवून बघितली नाहीत, काकू. तासाभराच्या अंतरानं समोर आली होती. इतिहास शिकतो म्हणे मी.

शेवटच्या आठवड्यात तुमचं पोट दुखत होतं. तुम्ही ओवा चघळायचात आणि म्हणायचात, वय झालं. काका कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेले होते. शनिवारी मी नवं प्रकरण घेऊन तुमच्या घरी यायचं ठरलं होतं. सकाळी कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, कामावर असताना तुमचा मेसेज आला. मागच्या खोलीत खोक्यांवर बसून वाचला.

"आतड्याला पीळ पडलाय. आज येऊ नकोस."

मला हसू आलं. वाटलं, तुम्ही परत प्रकरण वाचायला घेतलंत, परत त्या वाक्यापाशी अडलात आणि माझ्यावर रागावलात. मी एका अंगठ्यानं लिहिलं: "काकू, तो पीळ कधीच सुटला. तुम्हीच धरून बसलाय. उद्या येतो." मेसेजखाली लगेच खूण उमटली, वाचलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, जास्तच रागावलात. मी परत जाऊन ओनिगिरीचे भातगोळे मांडायला लागलो.

तुम्ही तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतात. स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावली होती, कचऱ्याची पिशवी दाराशी नीट बांधून ठेवून गेला होतात. तपासणी झाल्यावर डॉक्टर तुमच्यापाशी येऊन आजाराचं नाव सांगत होते. ते नाव तुम्ही वीस वर्षं रोजच्या बोलण्यात वापरलं होतं. त्या पलंगावर तो शब्द ऐकून तुम्हाला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला खात्री आहे की आधी तुम्हाला हसू आलं असणार. म्हणूनच तो तुम्ही मराठी करून मला पाठवलात. असा विनोद जगात एकाच माणसाला समजला असता. त्या माणसाला तो अर्धाच समजला.

दुपारी काकांचा पुण्याहून फोन आला. "महेश, हॉस्पिटलात जा. मी पोचेपर्यंत आपलं कुणीतरी तिथे असू दे." मी पोचलो तेव्हा तुम्हाला आत नेलं होतं. नर्सनं मला आजाराचं नाव सांगितलं. चोनेन्तेन. मी ओळखीचं काही ऐकल्यासारखी मान हलवली, आणि क्षणभर मनात आलं, या बाईला आपल्या स्टेशनबद्दल कसं माहीत? मग मी फोन काढून तुमचा मेसेज पुन्हा वाचला.

सायली त्सुकुबाहून संध्याकाळी आली. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. डॉक्टर म्हणाले, आतडं फार वेळ पिळलेलं होतं, रक्त पोचत नव्हतं, बराच भाग कापून काढावा लागला. तुम्ही शुद्धीवर आला नाहीत. दुसऱ्या दिवशी काका विमानतळावरून बॅगेसकट आले. त्यांनी तुमचा हात धरला, थोडा वेळ नुसता धरून ठेवला, आणि मग पलंगाशेजारची यंत्रं एकेक करून गप्प झाली.

इथल्या पद्धतीप्रमाणे दहनानंतर घरच्यांनी लांब काड्यांनी अस्थी उचलायच्या असतात. एक अस्थी दोघांनी मिळून धरायची. काकांच्या काड्यांतून अस्थी निसटत होती, म्हणून त्यांच्या जोडीला मला उभं केलं. सायलीच्या काड्या स्थिर होत्या. समोर भुरकट राख होती. मला ती म्हण आठवली. सुंभ जळला तरी. पुढचं मी मनातही म्हणू शकलो नाही. जळेल तेव्हा बघू म्हणाला होतात, काकू. मी बघितलं. तिथे काही नव्हतं.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते लिहिण्यासारखं नाही. कॉलेजला जातो, कामावर जातो. तळघरातल्या तुमच्या खोलीला कुलूप आहे, तुमच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. मोरिता-सान जिन्यात भेटले, "इतिहासकार" असं मराठीत म्हणाले. तुमच्याकडूनच शिकले असणार. मग तोंड फिरवून वर निघून गेले. त्या टेपची नक्कल माझ्याकडे आहे, तीही रोज ऐकली. निवेदक आभार मानतो आणि शांतता सुरू होते. मी प्रामाणिकपणे सांगतो, मला तिथे काही ऐकू येत नव्हतं. तुमच्यासाठी ऐकू यावं असं वाटत होतं, तरी येत नव्हतं. मला खराब टेपच वाटत होती.

आणि फोन उघडला की तो मेसेज. तुम्हीच धरून बसलाय. त्याखाली, वाचलं. माझं तुम्ही वाचलेलं शेवटचं वाक्य हे. लाल रेघ मारायलाही तुम्हाला वेळ मिळाला नाही. पोटात असह्य कळा येत असताना तुमच्या हातातल्या फोनवर माझा टोमणा उजळला. त्यानं तुम्हाला दुखलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. काकांना विचारता येत नव्हतं. मंडळात सगळे म्हणतात, तुझ्यावर फार माया होती त्यांची. ते ऐकलं की मी तिथून उठतो.

हा लेख मी इथेच संपवणार होतो. माफी मागून, पुन्हा एकदा. पण गेल्या रविवारी सायलीचा फोन आला.

"महेश-सान, बिझी नाही ना?" तिचं मराठी जरा अडखळतं. मागे पाण्याची किटली तापत असल्याचा आवाज येत होता. "एक विचारायचं होतं. आईनं त्या दिवशी तुम्हाला मेसेज केला होता ना? बाबा म्हणाले."

"हो."

"मला पण केलेला. सेम. पण मला ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, मला देवनागरी वाचायला वेळ लागतो म्हणून. 'आतड्याला पीळ पडलाय गं.' एवढंच. हॉस्पिटल वगैरे काही नाही."

मी खिडकी लावून घेतली.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. "म्हणजे मला वेगळंच कळलं. लहानपणापासून ती मला तेच म्हणायची ना. उशिरा आले की, जेवले नाही की. तुझ्यापायी आतड्याला पीळ पडतो. मला वाटलं, पासपोर्टवरून अजून तेच चाललंय. खूप दिवसांनी तिनं रागानं काहीतरी लिहिलंय. नुसतं जेवलीस का नाही. मला, कसं सांगू, बरं वाटलं. मी लिहिलं, गोमेन, आई. सॉरी. रविवारी घरी येते. मी आधी कधी सॉरी म्हटलंच नव्हतं. वाकले होते फक्त."

"मग?"

"मग तिचा रिप्लाय आला. एकच शब्द. तो मला कळत नाहीये, आणि बाबांना विचारायची हिंमत होत नाहीये." तिनं इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगितली. "सुतला. असा शब्द आहे? सूत म्हणजे थ्रेड ना?"

मी तिला विचारलं, तुझा सॉरी किती वाजता गेला. तिनं बघून सांगितलं. मी माझा मेसेज उघडला. माझा आधीचा होता. तुम्ही माझा वाचलात, मग सायलीचा आला, मग तुम्ही तिला उत्तर लिहिलंत, आणि त्यानंतर तुम्हाला आत नेलं.

"सुतला नाही," मी म्हटलं. "सुटला. पीळ सुटला, असं लिहिलंय त्यांनी."

"पण सुटला नव्हता ना तो. डॉक्टर म्हणाले, कापावा लागला."

"तो नाही, सायली. दुसरा. तू लहानपणापासून ऐकतेस तो."

पलीकडून आवाज थांबला. मला वाटलं लाईन तुटली. मी हॅलो म्हणायला तोंड उघडलं. पण किटली ऐकू येत होती. पाणी तापत होतं, उकळायला लागलं होतं, आणि ती काहीच बोलत नव्हती. बराच वेळ.

मी हॅलो म्हटलं नाही. वाकलेली ती उठेपर्यंत थांबलो.

टेप खराब नाहीये, काकू.